मासे वर का येतात

पद्मजाबाईंच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, भिंतीवरच्या छोट्या पाटीत दोन आकडे दिसत. वरचा माशांचा, खालचा नवऱ्याचा. आकडा हिरवा असला की ठीक, पिवळा झाला की लक्ष द्यायचं, तांबडा झाला की धावायचं. घरी येणारा प्रत्येक जण पाटीकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारी. सांगून सांगून कंटाळलेल्या पद्मजाबाई अलीकडे "हवामान" एवढंच म्हणत आणि चहा टाकायला वळत.

खरं तर दोन्ही आकडे एकाच विषाचे होते. अमोनियाचे.

टाकीतलं विष त्यांना अण्णांनी शिकवलं होतं. अण्णा म्हणजे त्यांचे यजमान, भूपाल मगदूम. नोकरीची सगळी वर्षं मिरजेत पाणी तपासण्यात गेली, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही पाणी दिसलं की ते तपासल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बदली होऊन गेलेल्या एका सहकाऱ्याने जाताना आपली माशांची टाकी त्यांच्या गळ्यात मारली. बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, मंडळींनी नाकं मुरडली, जैनाच्या घरात हे काय म्हणून. अण्णा म्हणाले, "मी मारत नाही, पाळतोय," आणि विषय संपला. अण्णांचे विषय असेच संपत.

मासा ज्या पाण्यात खातो त्याच पाण्यात घाण करतो. त्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया निघतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत जाणार कुठे? तो माशाचे कल्ले भाजतो आणि माशाला भर पाण्यात श्वास पुरेनासा होतो. पण टाकी जरा जुनी झाली की फिल्टरच्या स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जीवाणू वस्तीला येतात. त्यातली एक जात अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करते, दुसरी त्या नायट्राइटचं नायट्रेट करते, आणि नायट्रेट मासे पुष्कळ सोसतात. आठवड्याला थोडं पाणी बदललं की भागतं. "आपण मासे पाळत नाही," अण्णा सांगत, "आपण स्पंज पाळतो. मासे त्याच्या जिवावर जगतात." म्हणून स्पंज नळाखाली धुवायचा नाही, हा घरातला कायदा होता, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन ती सगळी वस्ती मारून टाकतं. पद्मजाबाई एकदा चुकून स्पंज घेऊन नळाकडे वळल्या होत्या, तेव्हा अण्णांचा आवाज तळमजल्यापर्यंत गेला होता.

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली होती. मासे खाणं मागायला वर येतात आणि मागून झालं की खाली जातात. पण वरच तरंगत राहिले, तोंडाची उघडमीट करत राहिले, की समजायचं पाणी बिघडलंय. "लोकांना वाटतं, लाडात आलेत," अण्णा म्हणत. "गुदमरत असतात बिचारे."

मग अण्णांचंच यकृत बिघडलं. जन्मात दारूचा थेंब न घेतलेल्या माणसाचं यकृत नुसत्या चरबीने सुकलं, आणि गावाने जे म्हणायचं ते म्हटलंच. डॉक्टर मुजावर बाई मोठ्या हुशार. त्यांना टाकीची गोष्ट कळली होती.

"मगदूमसाहेब, यकृत म्हणजे तुमचा स्पंज," त्या म्हणाल्या. "पोटात अन्नातून अमोनिया तयार होतोच. चांगलं यकृत त्याचं युरिया करून लघवीवाटे घालवून देतं. तुमचा स्पंज सुकलाय. आता तो अमोनिया रक्तातून मेंदूत जाणार. मग माणूस विसरायला लागतो, दिवसा झोपतो, भलताच वागतो. हात पुढे धरले की पंजे फडफडतात. शेवटी शुद्ध जाते."

औषधही माशांच्याच वाटेने आलं होतं. कोळंबीच्या तळ्यांतला अमोनिया खाण्यासाठी प्रयोगशाळेत घडवलेला एक जीवाणू पुढे माणसाच्या आतड्यात राहील असा बदलून घेतला, आणि त्याची पूड करून पुड्या भरल्या. पुडी कोमट पेजेत कालवायची, पिष्ट मिळालं की तो जागा होतो आणि रात्रभर पोटातला अमोनिया खातो. कुणाच्या आतड्यात त्याने कायमचं बिऱ्हाड करू नये म्हणून शास्त्रज्ञांनीच त्याला एका दिवसाचं आयुष्य दिलं होतं. त्यामुळे पुडी रोज हवी, आणि ती संध्याकाळी, कारण रात्रीचं रिकामं पोटच घात करतं. दंडावर एक चिकटपट्टी असे, ती घामातून अमोनिया मोजून भिंतीवरच्या पाटीला कळवी. तसाच एक मणी टाकीत सोडलेला होता. टाकीत मात्र अण्णांनी ती नवी पूड घालू दिली नाही. "माझे जीवाणू रोज पुडी मागत नाहीत," ते म्हणाले.

अडचण एकच होती. अण्णांचा नेम. सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाणी नाही, औषधसुद्धा नाही. लहानपणी आजोबांबरोबर धरलेला नेम त्यांनी इस्पितळातही मोडला नव्हता. थंडीच्या दिवसांत सूर्य लवकर जातो, म्हणून पद्मजाबाई दुपार कलली की पेजेला लागत. सकाळी देवपूजा, मग टाकी, मग अण्णांचं मोजून मापून जेवण, मग दवाखाना, मग पेज. वयाची पासष्टी ओलांडलेल्या बाईला हे झेपत होतं ते केवळ सवयीने. आणि बदल्यात मिळत होतं ते असं: पेज पातळ झाली. पाटीवर बोटं उमटलीत, पुसत नाहीस का. चार दाणे जास्त टाकलेस माशांना, मोजता येत नाही का तुला. आकडा हिरवा असला की अण्णांचं डोकं लखलखीत चाले, आणि त्याची धार पहिल्यांदा पद्मजाबाईंनाच लागे.

मार्गशीर्षात एके दिवशी शेगडी बिघडली. शेजारून पेज करून आणेपर्यंत खिडकीतलं ऊन गेलं होतं. अण्णांनी वाटी बाजूला सारली.

"मावळला."

"अहो, औषध आहे ते. औषधाला कसला नेम?"

"मावळला म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी खालचा आकडा पिवळा होता. पद्मजाबाई घाबरून पेज घेऊन आत गेल्या, तर अण्णा पलंगावर बसून खिडकीतून नुसते बाहेर बघत होते. चेहऱ्यावरच्या सगळ्या आठ्या कुणी हात फिरवून पुसाव्यात तशा गेल्या होत्या.

"पदू," ते म्हणाले.

हे नाव त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी वापरलं होतं. नंतर ते कुठे गेलं ते पद्मजाबाईंना कळलं नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती.

"दमलीस का गं?" अण्णांनी विचारलं. "बस की जरा."

त्या बसल्या. हातातली वाटी हातातच राहिली. अण्णांनी त्यांचा हात धरला, पेजेचं कौतुक केलं, मधेच एक वाक्य अर्ध्यावर सोडून दिलं आणि हसले. पद्मजाबाई स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसून आल्या. इतकी वर्षं कुणी हा एवढासा प्रश्न विचारला नव्हता, आणि तो ऐकल्यावर आपण किती दमलोय ते त्यांना पहिल्यांदाच कळलं.

सकाळच्या पुडीने संध्याकाळपर्यंत आकडा हिरवा झाला. अण्णा जागे झाले आणि म्हणाले, "शेगडी दुरुस्त करायला सांगितलीस का? की तेही मीच बघायचं?"

पुढच्या आठवड्यात पद्मजाबाई भाजी निवडत बसल्या. मुद्दाम नाही, असं त्या स्वतःला सांगत होत्या. मेथी होती, मेथीला वेळ लागतोच. पेज घेऊन गेल्या तेव्हा सूर्य मावळला होता, आणि अण्णांनी नकाराची मान हलवली. पद्मजाबाईंनी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. यात खोटं काही नव्हतं. पुडी तयार होती, नेम अण्णांचा होता, आणि सूर्य काही पद्मजाबाईंच्या सांगण्यावरून मावळला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पुन्हा "पदू" ऐकायला मिळालं.

मग कधी मेथी, कधी फोन, कधी वाळत घातलेले कपडे. आकडा पिवळ्यातच राही, तांबडा होत नसे, आणि सकाळची पुडी त्या न चुकता देत, फक्त जरा उशिरा. बेंगळुरूला असलेली मुलगी त्रिशला फोनवर म्हणाली, "आई, अण्णा किती बदललेत गं. काल मला म्हणाले, तुझी आठवण येते. मी अर्धा तास रडत बसले." तिच्याही फोनवर आकडे दिसत. "आज थोडा पिवळा दिसतोय, नाही?" तिने विचारलं.

"सूर्य मावळला होता," पद्मजाबाई म्हणाल्या.

त्या आठवड्याच्या शेवटी अण्णा अगदीच मऊ झाले होते. दुपारी पद्मजाबाई जरा आडव्या झाल्या, आणि उठून बघतात तर अण्णा हात पुसत उभे. "तू दमतेस, म्हणून फिल्टर मी साफ केला," ते म्हणाले. त्यांनी हे लहान मुलासारखं, शाबासकीची वाट बघत सांगितलं. पद्मजाबाईंना इतकं भरून आलं की कसा साफ केला हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही. ज्या माणसाने जन्मात स्वतःचं ताट उचललं नव्हतं, त्याने त्यांचं काम हलकं केलं होतं. आणखी एक दिवस असाच मिळावा असं त्यांना वाटलं. त्या संध्याकाळीही सूर्य मावळला, आणि त्याच्या पुढच्या संध्याकाळीही. सकाळची पुडी त्या दोन दिवसांत दुपारवर गेली, दुपारी अण्णा झोपलेले असत, आणि झोपलेल्याला उठवायचं कशाला, असं म्हणून ती राहिलीच.

तिसऱ्या दिवशी त्रिशलाचा व्हिडिओ कॉल आला. उन्हं उतरली होती, पेज शेगडीवर होती. पद्मजाबाईंनी फोन अण्णांसमोर धरला. अण्णा टाकीशेजारच्या खुर्चीत होते. सकाळपासून त्यांनी माशांना किती वेळा खायला घातलं होतं कोण जाणे, तळाशी दाण्यांचा थर दिसत होता.

"अण्णा, मासे बघा की," त्रिशला हसत म्हणाली. "सगळे वर आलेत. मला ओळखलं वाटतं त्यांनी."

अण्णांनी टाकीकडे पाहिलं. सगळे मासे पाण्याच्या वरच्या कडेला चिकटून तोंडाची उघडमीट करत होते.

"होय की," अण्णा गोड हसून म्हणाले. "तुलाच भेटायला आलेत. लाडात आलेत."

त्रिशलाला नंतर फोन करते म्हणून पद्मजाबाईंनी कॉल बंद केला आणि स्वयंपाकघरात धावल्या. गेले कित्येक दिवस त्यांनी पाटीवर फक्त खालचा आकडा बघितला होता. वरचा तांबडा होता. खालचा पिवळ्यातून नारिंगीत गेला होता.

परत येऊन त्यांनी फिल्टर उघडला. स्पंज पांढरास्वच्छ, दुकानातून आणल्यासारखा. जुन्या स्पंजाचा तपकिरी चिकटपणा कुठेच नव्हता. पाण्यात ज्यांनी जन्म काढला त्या भूपाल मगदुमांनी आपला स्पंज नळाखाली धुतला होता, आणि तो बायको दमते म्हणून.

मासे डोळ्यांदेखत मरत होते. बाल्कनीतल्या पिंपात शिळं, क्लोरीन उडून गेलेलं पाणी अण्णा नेहमी भरून ठेवत, एवढं नशीब. पद्मजाबाईंनी बादली लावली, नळीने टाकीतलं अर्धं पाणी काढलं, पिंपातलं ओतलं, तळाचे दाणे उपसले. कंबर दुखत होती, हात दुखत होते. अण्णा खुर्चीतून बघत होते. त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

"पदू," ते म्हणाले, "मासे वर का येतात?"

पद्मजाबाई पुढची बादली ओतू लागल्या.

"मला ठाऊक होतं," अण्णा म्हणाले. "मी सांगायचो सगळ्यांना. आता सापडत नाही." त्यांनी काहीतरी दाखवायला हात पुढे केला आणि पंजा हवेत फडफडला. त्यांनी तो आपलाच हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा पाहिला. "फार भीती वाटते गं. रोज वाटते. तुला सांगावं म्हटलं तर शब्द येत नाही, म्हणून हसतो."

पद्मजाबाई ओल्या फरशीवर तशाच उभ्या राहिल्या. सगळे गोड दिवस त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले. त्या जिला माया समजल्या होत्या ती माया नव्हतीच, तो माणूस त्यांच्यासमोर रोज वर येऊन तोंड उघडत होता. आणि त्या काचेला नाक लावून, आपल्यालाच भेटायला आलाय म्हणून सुखावत होत्या. त्यांना स्वतःची शिसारी आली.

डॉक्टर मुजावरांना फोन लावला तर त्या एवढंच म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता दोन पुड्या द्या. तासाभरात नीट उत्तरं देईनासे झाले तर घेऊन या. पण पोटात जाऊ दे आधी."

पद्मजाबाईंनी खिडकीकडे पाहिलं. सूर्य मावळला होता. आज त्याला त्यांनी मावळू दिलं नव्हतं, आज तो आपला आपण गेला होता.

त्यांनी पडदा ओढला. टाकीवरचा दिवा लावला, तेव्हा समोरच्या भिंतीवर पिवळा उजेड पसरला. मग दोन पुड्या पेजेत कालवून त्या अण्णांपुढे बसल्या.

"मावळला का?" अण्णांनी विचारलं. बाकी सगळं विसरलं होतं, हे विसरलं नव्हतं.

पद्मजाबाई आयुष्यात अण्णांशी सरळ खोटं कधी बोलल्या नव्हत्या. तो त्यांचाही नेमच होता.

"नाही अजून," त्या म्हणाल्या. "ते बघा ऊन."

अण्णांनी भिंतीकडे पाहिलं, आणि बायकोवर पूर्ण विश्वास टाकून तोंड उघडलं. पद्मजाबाईंनी चमच्याचमच्याने सगळी वाटी भरवली.

सकाळी दोन्ही आकडे हिरव्याच्या वाटेवर होते. एक मासा गेला होता, बाकीचे वाचले होते. पद्मजाबाई फरशी पुसत होत्या. अण्णा टाकीपुढे उभे राहून स्पंज हातात घेऊन बघत होते.

"हा कुणी धुतला?"

"तुम्ही."

अण्णांनी स्पंज खाली ठेवला. मग खुर्चीत बसले.

"काल पेज दिलीस तेव्हा सूर्य होता का?"

"नव्हता."

"आणि याआधी, मावळला म्हणून पेज परत जायची, तेव्हा?"

"तेव्हा खरंच मावळलेला असायचा," पद्मजाबाई म्हणाल्या. फडकं त्यांनी बादलीत टाकलं. "मी मावळू द्यायचे."

त्या आरडाओरड्याची वाट बघत होत्या. तो आला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"कशासाठी?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही बरे बोलायचात त्या दिवशी. पदू म्हणायचात. दमलीस का म्हणून विचारायचात."

"ते मी बोलत नव्हतो. विष बोलत होतं."

"कळलं मला ते, काल. पण ऐकावंसं वाटायचं."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचा चेहरा नेहमीचा होता, आठ्यांसकट. ते काहीतरी बोलतील असं एक क्षण वाटलं, पण जन्मभर न बोललेलं एका सकाळी कुठून येणार. "नेम मोडला," ते शेवटी म्हणाले. "प्रायश्चित्ताचा उपास करायला हवा, तर डॉक्टरांनी मला उपास बंद केलेत."

"मी करते," पद्मजाबाई म्हणाल्या.

"तू नको." अण्णांचा आवाज चढला होता, रागावल्यासारखा. "काडी झालीयेस नुसती. दिसत नाही का मला? आणि पेज आजपासून चारलाच करत जा, मी बसतो शेगडीपाशी. तुझ्या भरवशावर सूर्य ठेवण्यात अर्थ नाही."

मग त्यांनी लगेच माशांकडे मोर्चा वळवला. दोन दिवस दाणा टाकायचा नाही, रोज पाव टाकी पाणी बदलायचं, नवी वस्ती व्हायला महिना तरी लागेल, आणि बादली अशी ठेवतात का, पाय अडकून पडशील, असं बजावत ते आत गेले.

पद्मजाबाईंनी बादली उचलून बाजूला ठेवली आणि टाकीपुढच्या स्टुलावर टेकल्या. मासे खाली होते. त्यातला एक वर आला, पाण्याला तोंड लावून पाहिलं, काही मिळत नाही म्हटल्यावर त्यांच्याकडे पाठ फिरवून खाली निघून गेला. दुसरा कुणी वर आला नाही. पद्मजाबाई किती तरी वेळ तशाच बसून राहिल्या, आणि आतून अण्णांचा, फडकं पिळलं नाहीस म्हणून, आवाज येत राहिला.